सत्तेचाळिसाव्या भागातलं हसू

सोमवार, ३ जून

ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखलंस तर तू हे न उघडताच फेकशील, म्हणून पत्ता टाइप करून घेतला. चोवीस वर्षांनी पहिलं पत्र आणि सुरुवातच लबाडीने. पण उघडलंस ना? मग आता शेवटपर्यंत वाच. तू अर्धवट वाचून काही सोडत नाहीस. पोरांचे ते भयंकर निबंधसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचीस आणि मग डोकं धरून बसायचीस.

मी मजेत आहे. सध्या दाताचं काम काढलंय, त्यामुळे बोलणं जरा कमी. ऑफिसातल्या लोकांना हायसं वाटतंय.

काम असं आहे. ‘शिस्तबाई’ परत दाखवायची म्हणतायत. सगळी, पहिल्यापासून, तीनशे बारा भाग. आता लोक फोनवर बघतात म्हणे, बसमध्ये, झोपून, दात घासताना. मालिकेची निर्माती मीच असल्यामुळे माझ्या सहीशिवाय त्यांचं काही हलत नाही. जुलैच्या शेवटापर्यंत सही हवी. कंपनीकडून एक चष्मेवाली मुलगी आली होती, फार हुशार, फार नम्र, बूट बाहेर काढून आली. म्हणाली, अभिनयाच्या शाळेत आम्हाला तुमचे भाग दाखवतात. म्हणाली, तुमच्या आधी विनोदी मालिकेत बाईला कामं दोनच, एकतर लाटणं घेऊन धावायचं नाहीतर नवऱ्याच्या विनोदावर हसायचं. तुम्ही पहिल्यांदा बाईला टेबलाच्या मागे खुर्ची दिलीत. आज टीव्हीवर हसवणाऱ्या सगळ्या मुली स्वतःला माझ्या मुली म्हणवतात, असंही म्हणाली. मला एक मूल नाही आणि एवढ्या मुली. मी चहा ओतत होते तो बशीत गेला.

मग तिने नक्कल करून दाखवली. “तुमचं होऊ दे, मी थांबते.” ताई, ‘होऊ दे’नंतर जो तुझा थांबा आहे ना, एक श्वास, मग भुवया, मग हात पाठीमागे, तो सगळा तिच्याकडे पोचलाय. माझ्याकडून कुणी घेतला, त्यांच्याकडून तिने घेतला, तरी तो जसाच्या तसा आहे. तिला वाटतं तो माझा.

मी तिला काही सांगितलं नाही. प्रत्येक मुलाखतीत मी सांगत आलेय की शिस्तबाई ‘अनेक शिक्षिकांच्या निरीक्षणातून’ घडली. कुठल्या अनेक? मला शिकवणाऱ्या एकाही बाईंचा चेहरा मला आठवत नाही. वर्ग गोंगाट करायला लागला की फळ्याला पाठ टेकून शांतपणे “तुमचं होऊ दे, मी थांबते” म्हणणारी बाई मी एकच पाहिली. ती घरी आल्यावर माझ्याशीही तसंच बोलायची.

आता अडचण. त्यांना सगळे भाग हवेत, नाहीतर एकही नको. म्हणजे सत्तेचाळिसावाही. तोच आधी हवाय, लोक अजून त्याचे तुकडे एकमेकांना पाठवतात. तेव्हा तुझी हरकत नाही, एवढं एका ओळीत कळव. कायद्याने तुझी परवानगी लागत नाही. मला लागते.

तो भाग लिहिला तेव्हा मला खरं काय ते माहीत नव्हतं. तो माणूस तुझ्या लग्नाच्या ऐन दिवशी पळाला एवढंच मला ठाऊक होतं आणि मला त्याचा संताप आला होता. तू तो भाग पाहिल्यावर महिनाभरात बदली घेऊन कुठल्याशा लांबच्या गावी निघून गेलीस आणि घराची किल्ली पाकिटात घालून पाठवलीस, सोबत चिठ्ठीसुद्धा नाही. शिक्षकांच्या खोलीत लोक चिडवतात म्हणून गेलीस, असं मी सगळ्यांना सांगितलं. एक ओळ लिही.

धाकटी


मंगळवार, ११ जून

ताई,

चोवीस वर्षं गप्प बसलेल्या बाईकडून आठ दिवसांत उत्तर मागायचं म्हणजे माझा आगाऊपणा कमालीचाच. तरी रोज खाली जाऊन पेटी उघडतेय. काल त्यात गच्चीच्या गळतीची नोटीस होती.

ऑफिस तेच आहे, छापखान्याच्या वर दोन खोल्या. यंत्र सुरू झालं की टेबलावरचे पेले आपोआप कडेकडे सरकतात. जुन्या टेपा लोखंडी कपाटात आहेत. त्या काढायला कानसेनांना बोलावलंय. आठवतात ना कानसेन? आमचे आवाजवाले. अंधारात बसलेल्या माणसांतून नुसत्या खोकल्यावरून माणूस ओळखायचे म्हणून मीच ते नाव ठेवलं होतं. आता त्यांच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. मी म्हटलं, “काय हो कानसेन, हे काय?” तर म्हणाले, “मॅडम, तीस वर्षं तुमचं ओरडणं हेडफोनमधून ऐकलंय, फुकट नाही गेलं.”

दुपारी त्यांनी एक डबी काढून दाखवली. वर निळ्या शाईत लिहिलंय, ‘ताई – १’.

पहिला दिवस आठव. चाळीस खुर्च्या, त्यावर सगळे आपापले नातेवाईक, कारण फुकट प्रेक्षक दुसरे कुठून आणणार? तू शाळेतून थेट आलेलीस, मांडीवर उत्तरपत्रिकांची पिशवी, तिसरी रांग. मी दार उघडून आत आले, टेबलाला ठेचकाळले आणि वाक्य साफ विसरले. तोंड उघडं, आवाज नाही. चाळीस माणसं श्वास रोखून. आणि तू हसलीस.

तुझं हसणं लिहून दाखवायचं म्हणजे कठीण. आधी नुसते खांदे. मग उचकीसारखं आत ओढलेलं एक ‘हिक्’. मग कुणी जिना धावत चढावा तसं वर वर, आणि मधल्या पायरीवर दम खायला थांबल्यासारखा एक थांबा, मग उरलेला जिना. तुझ्यामागून चाळीसच्या चाळीस हसली. त्या एका हसण्यावर आमची मालिका उभी राहिली, हे मी उगाच म्हणत नाहीये. मला तर रडूच येत होतं, कारण सव्वा वर्षात तू पहिल्यांदा हसत होतीस.

पुढे खुर्च्या परवडेनात, प्रेक्षक बंद झाले. मग हसणं डबीतून यायला लागलं. कानसेनांकडे यादी होती: ‘पोटातलं’, ‘ओशाळं’, ‘मागच्या रांगेतलं’, आणि ‘ताई – १’. प्रत्येक भागात एकदा तरी तू असायचीसच. तुला ते फार आवडायचं. भाग संपला की फोन, “आज बाराव्या मिनिटाला हसले बघ मी! मला कळायच्या आधी मीच हसलेली असते!” शाळेतल्या सगळ्या बायकांना तू ते ऐकवायचीस.

यंत्र सुरू झालं. पेले धरायला जाते.

धाकटी


गुरुवार, २० जून

ताई,

दाताचं काम नाहीये.

फेब्रुवारीत एका सकाळी केस विंचरत होते. आरशात पाहिलं तर डावीकडचं तोंड खाली आलेलं. हात-पाय ठीक, बोलणं ठीक, फक्त अर्धा चेहरा संपावर. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. पाचवा महिना आहे. डावी भुवई हलत नाही, डावा ओठ हलत नाही, पाणी पिताना हनुवटीवर रुमाल लागतो. हसले तर समोरच्याला वाटतं मी त्याच्याविरुद्ध काही कट करतेय. एका मालिकेत आजीचं काम ठरलं होतं. त्यांनी फूल पाठवलं आणि दुसरी आजी घेतली.

म्हणजे आता जे आहे ते त्या लोखंडी कपाटात आहे. ते दाखवलं तर मी आहे. नाही दाखवलं तर या शहरात तोंडाला रुमाल लावून भाजी आणणारी एक बाई आहे. माझी सही एवढी घाईची का, हे तुला कळावं म्हणून सांगितलं. कीव कर असं म्हणत नाही. कर थोडी, चालेल.

काल कानसेनांनी सत्तेचाळिसावा लावला. मी तो चोवीस वर्षांत पाहिला नव्हता. मुलाखतींतून त्याच्याबद्दल बोलले मात्र खूप.

शिस्तबाई लग्नाच्या नोंदणीच्या कचेरीत बसलीय, नवरदेव येत नाही. दहा वाजता आलेली बाई, पाच वाजेपर्यंत. वेळ जाईना म्हणून ती कचेरी ताब्यात घेते. आलेल्या जोडप्यांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करते, बाक सरळ करते, प्रत्येक जोडपं सही करून आलं की टाळ्या वाजवायला लावते. शेवटी कारकून कुलूप हातात घेऊन येतो तेव्हा म्हणते, “तुमचं होऊ दे, मी थांबते.” आणि मग कॅमेरा जातो नवरदेवाच्या घरी. तो लग्नाचा शर्ट घालून पलंगाखाली लपलेला आहे.

तिथे सगळ्यात मोठा हशा आहे.

ताई, मी त्या दिवशी तुझी साक्षीदार होते. तुझ्या शेजारी बसले होते. नवी चप्पल चावत होती म्हणून तू एक पाय बाहेर काढून ठेवला होतास. तू खरंच बाक सरळ केलेस. तू खरंच टाळ्या वाजवल्यास, अनोळखी माणसांसाठी, एकेकासाठी. आणि कुलूप पाहून तू ते वाक्य म्हणालीस तेव्हा मी रुमाल चावत रडत होते. मग दोन वर्षं उलटल्यावर मी ते लिहून काढलं, कारण त्या आठवड्यात आमच्याकडे भागच नव्हता. दुसरं काही सुचत नव्हतं. एवढंच कारण, याहून मोठं काही नाही.

आणि पहिल्या पत्रात लिहिलं ते खोटं. मला माहीत होतं. कचेरीच्या त्या दिवसानंतर पंधरा दिवसांनी आपण दोघी चादर पिळत होतो, दोन टोकं दोघींच्या हातात. तू चादरीकडे बघत सांगितलंस. तुझ्या शाळेचा तो ग्रंथपाल पळाला नव्हता. कित्येक महिने त्याला वाटत होतं की माणसं त्याच्या मागावर आहेत, आणि तो ते कुणाला बोलत नव्हता. त्या सकाळी लग्नाचा शर्ट घालून तो पलंगाखाली जाऊन बसला, बाहेर यायला तयार होईना, आणि त्याची आई त्याला मनाच्या आजारांच्या संस्थेत घेऊन गेली. तू म्हणालीस, “कुणाला बोलू नकोस. बरा झाला की त्याचा तो सांगेल.” मी मान हलवली. चादरीचं पाणी आपल्या पायांवर पडत होतं. पुढे दर रविवारी तू तिकडे जायचीस, कुठल्या गावी ते मी कधी विचारलं नाही, आणि घरी मी कुणाला कळू द्यायची नाही. तेवढं वचन मी पाळलं.

पलंग मी घेतला, ताई. पलंगसुद्धा सोडला नाही.

धाकटी


शनिवार, २९ जून

ताई,

एक राहिलंय. ते लिहिल्याशिवाय मला जेवण जाणार नाही असं वाटलं होतं, पण जेवले. माणूस कसलं निगरगट्ट असतं.

त्या भागाला हशा लावायच्या दिवशी कानसेन दोन डब्या घेऊन आले. पलंगाच्या जागी ‘पोटातलं’ लावू की ‘ताई’ लावू, असं विचारलं. त्यांना बिचाऱ्यांना गोष्ट कुणाची आहे हे ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, “ताईचंच लावा.”

ते हसणं सगळ्यात चांगलं होतं म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं कारण हे की मला भीती वाटत होती. तू हसलीस म्हणजे तुला चाललं, असं मला मलाच पटवायचं होतं. तुला न विचारता मी तुझी परवानगी डबीतून काढून लावली.

भाग पाहिल्यापासून तो तुकडा कानात वाजतोय. कानसेनांना म्हटलं, हशा काढून तो भाग दाखवा. त्यांनी दाखवला. नुसती शांतता, आणि शांततेत एक माणूस पलंगाखाली. मी यंत्र बंद करा म्हणाले.

तू उत्तर देऊ नकोस. मला आता सही करण्यासाठी ते नकोय.

धाकटी


बुधवार, १० जुलै

ताई,

तुझं पत्र आलं. आखीव कागद, समास सोडलेला. मी ते जिन्यात उभ्यानेच वाचलं आणि मग जिन्यातच बसले. वरच्या मजल्यावरच्या बाई ओलांडून गेल्या, “बरं नाही का?” विचारत. तू लिहिलेलं इथे उतरवतेय, कारण मला ते माझ्या हाताने लिहायचंय:

“चारही पत्रं पोचली. टाइप केलेला पत्ता बघून पहिलं पाकीट विजेचं बिल समजून उघडलं.

“संस्थेच्या हॉलमध्ये टीव्ही आहे. बुधवारी सगळ्यांना शिस्तबाई दाखवायचे. त्याला ती आवडायची, माझ्यासारखी बोलते म्हणून. त्या बुधवारी पलंगाखालच्या माणसाला तो हसलासुद्धा, असं नर्सने सांगितलं. मग माझं हसू आलं. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, ती त्या हसणाऱ्यांत बसलीय. रविवारी मी गेले तेव्हा नर्स बाहेर आली. भेटायचं नाही म्हणतात, म्हणाली. मी पत्रं लिहिली, ती न उघडता परत आली. त्याच्या आईला सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, मी माझ्या कानांनी ऐकलंय.

“मी काय सांगणार होते? ते हसू माझं नाही असं? ते माझंच होतं.

“तेव्हापासून रविवारी फाटकापर्यंत जाते. नर्सकडे नवी पुस्तकं देते, आधीची घेते. वाचलेली असतात.

“चिडवण्याने मी शाळा सोडत नाही. तीस वर्षं पोरांनी चिडवलंय मला. मला तुझी माफी नको. त्याला सांग.”

एवढंच. खाली सहीसुद्धा नाही.

आता कळलं बदली त्या संस्थेच्याच गावी का मागितलीस. आम्ही सगळे म्हणायचो, हिने एवढ्या आडगावी काय पाहिलं. मी तर त्याच्यावरही एक विनोद केला होता, तीनेक वर्षं चालला तो.

मला वाटत होतं मी तुझी थट्टा केली आणि तू दुखावलीस. बहिणी दुखावतात, बहिणी कधीतरी मानतात, यावर मी चोवीस वर्षं काढली. तुझा रविवार मी घेतला हे मला माहीत नव्हतं. हे मात्र खरंच माहीत नव्हतं, ताई. पण आता मी ‘खरंच’ म्हटलं तर तू का विश्वास ठेवावास?

चष्मेवालीला फोन करून सांगितलं, सही नाही. ती मग हळूच म्हणाली, सत्तेचाळिसावा वगळायचं मी वर विचारून बघू का? मी म्हटलं, ते हसू सगळ्याच भागांत आहे. तिला ते कळलं नाही आणि मी समजावलं नाही. मी फार थोर झाले असं समजू नकोस. फोन ठेवल्यावर दोन तास रडले आणि दोनदा तिचा नंबर फिरवून कापला. अजूनही ३१ तारखेपर्यंत वेळ आहे, हे मला रोज सकाळी आठवतं.

कानसेन पहिल्या दिवसाची अख्खी टेप शोधतायत. डबीत फक्त हसणं कापून घेतलेलं आहे. त्यापुढे काय होतं ते टेपेवर असणार.

धाकटी


गुरुवार, १८ जुलै

ताई,

आज गेले होते.

भेटीची वेळ गुरुवारी आणि रविवारी दहा ते बारा. रविवार तुझा, म्हणून गुरुवार धरला. कानसेन सोबत होते, बॅगेत टेप वाजवायचं यंत्र आणि चार बॅटऱ्या जास्तीच्या. बसमध्ये त्यांनी बॅग मांडीवरून खाली ठेवली नाही.

फाटक, मग लांब पडवी, मग तो हॉल. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर उंच टीव्ही, त्याला जाळीचा पिंजरा. मी टीव्हीकडे फार पाहिलं नाही. नर्सने विचारलं, कोण आलंय म्हणून सांगू? वाटेत मी चार खोटी उत्तरं तयार केली होती, ग्रंथालयातून आलेय वगैरे. तोंडातून निघालं, “शिस्तबाई आल्यात म्हणून सांगा.” तिने माझा अर्धा चेहरा पाहिला आणि मला आत भरती करायला आणलंय की काय, अशा नजरेने कानसेनांकडे बघितलं.

ते आले. पांढरे झालेत पूर्ण. शर्टाचं वरचं बटणही लावलेलं, खिशात पेन्सिल. समोर बसून त्यांनी मला बराच वेळ पाहिलं.

“तुम्ही त्या नाही,” म्हणाले. “त्यांचं तोंड वेगळं होतं.”

“आजारी पडले मी. अर्धं गेलं.”

“मग म्हणून दाखवा.”

मी हात पाठीमागे घेतले. “तुमचं होऊ दे,” म्हटलं, थांबले, भुवई उचलली, एकच उचलली गेली, “मी थांबते.” आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम. हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

“हा थांबा तिचा आहे,” ते म्हणाले.

“हो. सगळंच तिचं आहे. मी तिची धाकटी बहीण. मी कचेरीत साक्षीदार होते.”

उठून जातील असं वाटलं. खुर्ची मागे सरकवली, पण बसून राहिले. मग मी सगळं सांगितलं, जसं तुला लिहिलं तसंच. चादर, पलंग, दोन डब्या, “ताईचंच लावा.” मध्ये एकही विनोद केला नाही. फार जड गेलं, जीभ सारखी तिकडे वळत होती.

कानसेनांनी यंत्र लावलं. आधी खरखर. मग दार उघडल्याचा आवाज, टेबलाला माझी ठेच, आणि ती शांतता. केवढी लांब होती ती, मला वाटलं टेप संपली. मग तुझं ‘हिक्’, मग जिना, मधली पायरी, उरलेला जिना. आणि त्यानंतर, डबीत न घेतलेलं, तुझं बोलणं, हसून दम लागलेल्या आवाजात, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं: “अगं, वाक्य विसरली ही! माझी बहीण आहे हो ती!”

ते म्हणाले, “परत.” कानसेनांनी परत लावलं. तीन वेळा.

“हे कधीचं?”

“पहिल्या दिवसाचं. त्या भागाच्या वर्षभर आधीचं. मी ते उचलून तुमच्यावर लावलं. तो भाग होत होता तेव्हा ती तिथे नव्हती. तिला आम्ही काही दाखवलंही नव्हतं.”

“म्हणजे ती तुम्हाला हसली होती.”

“मला.”

“मला नाही.”

“नाही हो.”

त्यांनी पेन्सिल खिशातून काढली आणि परत ठेवली. मी माफ करा म्हणाले, तर त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, आणि ते बरोबरच आहे. बारा वाजत आले तशी नर्स घंटा घेऊन दारात उभी राहिली. तेव्हा ते कानसेनांकडे बघत म्हणाले, माझ्याकडे नाही, “माझ्या खिडकीतून फाटक दिसतं. पुस्तकं देऊन झाल्यावरही ती पाऊण तास उभी असते. पावसात छत्री धरून. मला वाटायचं, अजून काय बघायचं राहिलंय हिला.”

घंटा झाली. मी उठले. ते पडवीपर्यंत आमच्यासोबत आले आणि तिथे मला म्हणाले, “तिला विचाराल का, या रविवारी आत येईल का म्हणून? नाही म्हणाली तरी पुस्तकं आणायला सांगा. हातातलं उद्या संपेल.”

हे पत्र टपालात टाकत नाही, रविवारच्या आत पोचायला हवं. कानसेन उद्या स्वतः तुझ्या दारात देतील. त्यांच्याशी मोठ्याने बोल, कमी ऐकू येतं त्यांना. टेप आणि यंत्र तुझ्याजवळच ठेवून घे. मी येत नाहीये. बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तर तेही मला कळतं.

मी त्यांना म्हटलं, विचारते. विचारतेय, ताई.

धाकटी